साखर मोजता, तशी उंचीही मोजा

मधुमेह असलेलं मूल तपासायला आलं की फाइल उघडण्याआधी मी त्याला चपला काढून भिंतीशी उभं करतो. टाचा टेकलेल्या, नजर समोर. ग्लुकोमीटर त्या क्षणाची साखर सांगतो, एचबीए१सी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची. उंची त्याच्याही मागचं सांगते. वर्षभर या शरीराला इन्सुलिन पुरलं का, ते तिथे दिसतं.

लहान मुलांत बहुतेक वेळा टाइप १ मधुमेह असतो. प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट करते आणि इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. साखर लघवीवाटे जाते, स्नायू झिजतात. उंचीचं गणित मात्र यकृतात बिघडतं. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक येतं आणि त्याच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-१ तयार करतं. हाडांच्या टोकाशी असलेल्या कूर्चेला वाढवणारं ते हेच. पण यकृताला इन्सुलिन कमी पडलं, की ते वाढीच्या संप्रेरकाला दादच देत नाही. पिट्युटरी आणखी संप्रेरक सोडते, त्याने उंची वाढत नाही, उलट साखर चढते.

पियरे मॉरियाक या फ्रेंच डॉक्टरांनी 1930 साली अशा मुलांचं वर्णन केलं: खुंटलेली उंची, गोल चेहरा, यकृत सुजून पुढे आलेलं पोट, वयात येणं लांबलेलं. इन्सुलिन मिळत होतं, पण पुरेसं नाही. हे चित्र आपल्याकडे आजही दिसतं, याचं मला फार वाईट वाटतं, कारण ते टाळता येतं.

पुरेसं का मिळत नाही? कधी पैसे नसतात. कधी 'सवय लागेल' म्हणून घरचेच डोस कमी करतात. आणि कधी निव्वळ सिरिंज चुकते. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट आणि 100 युनिट, अशा दोन्ही ताकदीच्या बाटल्या मिळतात. 40 च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, 100 साठी नारिंगी. 40 च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने 10 च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर मुलाच्या अंगात जातात फक्त 4 युनिट. आई रोज न चुकता टोचत असते आणि मूल सुकत जातं. दुकानातून आणल्यावर बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळतो का, एवढं बघाच.

दुसरी गोष्ट जेवणाची. भात बंद, दूध बंद, फळं बंद, असं करू नका. इन्सुलिन नव्हतं तेव्हा उपासमार हाच उपचार होता. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत ज्या लेनर्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तो चौदा वर्षांचा मुलगा जेमतेम 29 किलोचा उरला होता. आज मुलाचं ताट त्याच्या भुकेप्रमाणे वाढायचं आणि इन्सुलिन ताटाप्रमाणे द्यायचं.

वयात येताना गरज वाढते. आधी दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 0.7 ते 1 युनिट लागतं, या काळात 1.2, कधी 2 पर्यंतही. रोग बळावला म्हणून आईबाप घाबरतात. घाबरू नका, मूल वाढतंय. याच वयात काही मुली वजन वाढेल म्हणून इंजेक्शन चुकवतात. त्यांना रागावू नका, शेजारी बसून बोला.

चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5-6 सेंटिमीटर वाढतं. दर तीन महिन्यांनी उंची मोजा आणि डॉक्टरांकडून वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या. साखर ताब्यात असूनही उंची अडली, तर थायरॉइड आणि गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात तो सीलिअ‍ॅक आजार तपासायला सांगा; टाइप १ सोबत हे दोन्ही येऊ शकतात. थांबून बघू असं मात्र करू नका. हाडांच्या टोकांची कूर्चा एकदा बुजली, की मग उंची वाढत नाही.

इथे शिक्षकही बसले आहेत, त्यांना एक विनंती. डबा खाण्याआधी त्या मुलाला इंजेक्शन घ्यायला स्वच्छ, आडोशाची जागा द्या. शौचालयात पाठवू नका.