नवा कोरा डेस्कटॉप, आणि तरी स्लो

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय नव्या डेस्कटॉपबद्दल. म्हणजे खोक्यातून काढला, टेबलावर मांडला, वायरी जोडल्या, घरातले सगळे भोवती उभे राहिले, आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच. जुना कॉम्प्युटर रखडला तर माणूस समजून घेतो हो, म्हातारा झालाय म्हणतो. नवा रखडला की मात्र डोकं फिरतं, कारण पैसे आत्ताच गेलेले असतात.

तर सगळ्यात आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा. स्लो कधी होतो? चालू केल्यापासूनच स्लो आहे? एखादंच सॉफ्टवेअर उघडलं की स्लो होतो? फक्त इंटरनेटवरच्या गोष्टी स्लो आहेत आणि बाकी सगळं ठीक? की आधी मस्त पळतो आणि मग बसतो? हे "कधी" कागदावर लिहून ठेवा. पुन्हा सांगते, स्लो कधी होतो ते लिहून ठेवा. मी आज हे तीनचार वेळा म्हणणार आहे, कंटाळू नका.

पहिल्या दिवशी स्लो असेल तर फार मनावर घेऊ नका. विंडोज नवीन असतं तेव्हा मागे कामाचा डोंगर असतो, अपडेट उतरवणं, फाइलींची शोधयादी बनवणं, वनड्राइव्ह चालू असेल तर त्याचं सिंक, अँटीव्हायरसचं पहिलं स्कॅन, हे सगळं एकदमच सुरू असतं आणि आपण त्यातच क्रोम उघडून बसतो. नेट जोडून ठेवा, स्लीपमध्ये जाऊ देऊ नका, एक रात्र चालू राहू द्या, सकाळी अपडेट काही बाकी नाही ना ते बघून रीस्टार्ट करा. बरेच कॉम्प्युटर एवढ्यानेच सुधारतात.

नाही सुधारला? मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप, तिन्ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा. तिथे सीपीयू (म्हणजे प्रोसेसर, आख्खा डबा नव्हे), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क असं एकाखाली एक दिसतं, आणि कॉम्प्युटर रखडलेला असताना यातलं कोण शंभर टक्क्यांना टेकलंय ते बघायचं. रखडलेला असताना बघायचं बरं का, शांत असताना बघून काही कळत नाही.

डिस्क शंभर टक्के दिसली तर तिच्या खाली एसएसडी लिहिलंय की एचडीडी ते वाचा. एचडीडी म्हणजे फिरणारी तबकडी, मिनिटाला ७२०० फेरे, काही ५४०० वाल्या, आणि तिच्यावर डोकं इकडून तिकडे सरकवून एकेक तुकडा वाचायचा, त्यामुळे विखुरलेले छोटे तुकडे वाचताना सेकंदाला शंभर-दीडशेच्या पुढे गाडी जात नाही. एसएसडीत हलणारं काहीच नसतं, साध्यातली साधी एसएसडीसुद्धा असे हजारो तुकडे वाचते. आणि विंडोज सुरू होताना नेमके असेच छोटे तुकडे वाचत असतं. आता यातली गंमत अशी की काही नव्या डेस्कटॉपमध्ये एसएसडी असते, बिलावरही असते, पण विंडोज टाकलेलं असतं एचडीडीवर! एसएसडी आपली रिकामी बसलेली. तर सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज असतं तो भाग, कुठल्या डिस्कवर आहे ते बघा, टास्क मॅनेजरमध्येच दिसतं. एचडीडीवर असेल तर विंडोज एसएसडीवर घ्यायचं, इतका फरक दुसऱ्या कशाने पडणार नाही.

मेमरी भरलेली दिसली तर रॅम कमी आहे. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी लागते असं मायक्रोसॉफ्ट म्हणतं, पण त्या चारमध्ये ते फक्त सुरू होतं, तुमचं काम व्हायचं असेल तर आठच्या खाली जाऊ नका आणि जमत असेल तर सोळा घ्या. कंपनीने आधीच टाकून दिलेला ट्रायल अँटीव्हायरस असेल तर काढून टाका, तो गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो. आणि ते "कॉम्प्युटर फास्ट करा" वाले बूस्टर, क्लीनर कृपा करून घालू नका. आधीच गर्दी, त्यात आणखी एक जण आत शिरतो, तो कायम बॅकग्राउंडला चालू आणि दर तासाला सांगणार, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अमुक इतके प्रॉब्लेम सापडले.

आणि हो, ते रिफ्रेश! डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. चांगली शिकलेली माणसं करतात हे, डोळे मिटून जप केल्यासारखं. त्याने डेस्कटॉपवरची चिन्हं परत काढली जातात, बास. रॅम रिकामी होत नाही, स्पीड वाढत नाही, काही म्हणजे काही होत नाही. मी एकदा भर लग्नात यावर वाद घातलाय, जाऊ दे.

आता मला आमच्या आत्याच्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगायचीय, खरं तर तिच्यासाठीच हा विषय घेतला.

आत्याकडे नवीन डेस्कटॉप आला, माझ्या आतेबहिणीला व्हिडिओ एडिटिंग करायचं होतं म्हणून चांगला तगडा, सुटे पार्ट घेऊन जोडून घेतलेला. सोळा जीबी रॅम, एसएसडी, प्रोसेसर थंड ठेवायला त्याच्यावर बसवतात तो वेगळा मोठा कूलर, आत रंगीत दिवे. (ते दिवे कशाला हवे असतात मला अजून कळलेलं नाही, रात्री खोलीत जत्रा भरल्यासारखं वाटतं.) आणि हा असा तगडा गडी चालू केला की थोडा वेळ सुसाट, मग माउस अडखळायला लागायचा, मग टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटायचं, आणि व्हिडिओ एक्स्पोर्टला, म्हणजे एडिट करून झालेल्या व्हिडिओची फाइल बनवायला लावला की संपलंच.

घरात प्रत्येकाचं आपलं निदान तयार होतं. काकांचं म्हणणं इंटरनेट खराब. शेजारच्या दादाचं म्हणणं व्हायरस. जोडून देणारा मुलगा म्हणाला विंडोज करप्ट असेल, ते परत टाकलं, परत तेच. बहिणीला वाटत होतं एडिटिंगचं सॉफ्टवेअरच जड आहे. आणि आत्या? आत्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, असं ती स्वतःच सांगते. ती म्हणायची, "अगं, हा दमतो." सगळे हसायचे. मशीन कधी दमतं का!

मी गेले तेव्हा आत्यालाच विचारलं, दमतो म्हणजे काय गं, नीट सांग. तर ती म्हणाली, "बघ, सकाळी उठल्यावर छान चालतो. मग रखडतो. हिने रीस्टार्ट केला तर रखडतच उठतो. पण बंद करून आपण जेवून आलो ना, की परत पळतो. त्याला जरा विसावा लागतो."

ऐकलंत ना मंडळी? रीस्टार्ट केला तर सुधारत नाही, पण अर्धा तास बंद ठेवला तर सुधारतो. आता व्हायरसला विसावा लागत नाही. विंडोज करप्ट असेल तर जेवण होईपर्यंत आपलं आपण दुरुस्त होत नाही. बंद ठेवल्याने बदलते अशी आत एकच गोष्ट असते, ती म्हणजे उष्णता. स्लो कधी होतो, हा प्रश्न आत्याला कुणी विचारलाच नव्हता, उत्तर तिच्यापाशी तयार होतं.

मग टास्क मॅनेजर उघडला. सीपीयूच्या पानावर खाली स्पीड दिसतो गिगाहर्ट्झमध्ये. सुरुवातीला चारच्या वर होता, बहिणीने एक्स्पोर्ट लावला आणि आमच्या डोळ्यांदेखत तो घसरत घसरत एकच्याही खाली गेला. प्रोसेसर जास्त तापला की स्वतःला वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो, ही मर्यादा साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हे चांगलं आहे हो. २००१ च्या सुमाराला असे प्रोसेसर होते की चालू असताना कूलर निघाला तर काही क्षणात जळून जायचे, आताचे निदान रखडून सांगतात तरी.

पण काकांना पटेना. ते म्हणाले, व्हायरसनेच तापत असेल. मुद्दा बरोबर होता बरं का, एखादा प्रोग्राम आतून प्रोसेसर राबवत असेल तरी तापतो. म्हणून मी रीस्टार्ट केला आणि डिलीट बटण दाबून बायोसमध्ये गेले. बायोस म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीचं पान, तिथे विंडोज नाही, इंटरनेट नाही, व्हायरस नाही, कुणीच नाही. आणि तिथे एका कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसतं. आम्ही सगळे ते आकडे बघत उभे. साठ. थोड्या वेळाने सत्तर. ऐंशी. काहीही काम चालू नसताना! पंखा नुसता भणभणतोय. नव्वदच्या जवळ गेल्यावर मी बंदच केला आणि वायर काढली.

बाजूचं झाकण उघडलं, पंखा पूर्ण थांबू दिला आणि कूलरच्या धातूच्या पात्यांना हात लावला. गार! प्रोसेसर नव्वदीला आणि त्याच्यावर बसलेला कूलर गार. काकांना म्हटलं, तुम्हीही हात लावून बघा. त्यांनी लावला आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. कारण कूलर गरम असता तर म्हटलं असतं बिचारा कमी पडतोय, गार आहे म्हणजे खालची उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये.

स्क्रू एकेक करून समोरासमोरचे सैल केले, कूलर हलकेच फिरवून उचलला. आणि खाली, धातूच्या गुळगुळीत भागावर, पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म. नव्या कूलरला ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यातून लावून येते ती. तिच्यावर लाल अक्षरात छापलेलं, बसवण्याआधी ही काढा. प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी राखाडी थर्मल पेस्ट व्यवस्थित लावलेली, चारी स्क्रू घट्ट, सगळं काम अगदी निगुतीने केलेलं, आणि मधे ती फिल्म तशीच! पेनाचं टोपण न काढता लिहायला बसावं तसा तो कूलर बिचारा इतके दिवस घुमत होता.

फिल्म सोलून काढली, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवीन थेंबभर लावली, कूलर परत बसवला. बायोसमध्ये जाऊन बघितलं तर तापमान चाळिशीत येऊन थांबलं, हलायला तयार नाही. एक्स्पोर्ट लावला, वेग घसरला नाही. बहिणीने आनंदाने टेबलावर हात आपटला. आत्या दारात उभी होती, म्हणाली, "मी सांगत होते ना, दमतो म्हणून." आणि कूलर गार असूनही प्रोसेसर तापू कसा शकतो हे काका आजही मला फोन करून विचारतात, पटतच नाही त्यांना.

बघा, घड्याळ बघितलं तर वेळ संपत आली, ही गोष्ट सांगायला लागले की असंच होतं. उरलेलं भराभर सांगते. तापमान विंडोजमध्ये बघायचं असेल तर एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कामात असताना सत्तर-ऐंशी अंश दिसले तर घाबरू नका, सतत पंचाण्णवच्या पुढे दिसले तर कूलर बघा. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबला असेल तर आधी बाहेर काढा, त्याला हवा लागते.

गेम रखडत असतील तर मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते मागे वाकून बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलंय आणि केबल मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे पार्ट बसतात त्या मुख्य पाटीच्या पोर्टात, हा प्रकार फार होतो, मग महागाचं कार्ड आत नुसतं शोभेला. रॅमच्या दोन कांड्या असतील आणि चार खाचा असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालायच्या. आणि ३२०० वेग लिहिलेली रॅम कधीकधी २१३३ वरच चालत असते, बायोसमध्ये इंटेलवाल्यांना एक्सएमपी आणि एएमडीवाल्यांना एक्स्पो किंवा तसंच काहीतरी नाव दिसेल, ते चालू करायचं.

झाकण उघडण्याआधी मात्र वॉरंटीचा कागद वाचा, काही ठिकाणी सील तुटलं की हात वर करतात. उघडायचं नसेल तर ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडे न्या, पण "स्लो आहे" एवढंच सांगू नका. चालू केल्यावर साधारण किती वेळाने रखडतो, रीस्टार्टने फरक पडतो का, बंद ठेवल्याने पडतो का, हे सांगा. स्लो कधी होतो, तो कागद सोबत घेऊन जा.

चला, पुढच्या वेळी प्रिंटर. त्याच्यावर माझा खूप राग आहे, तेव्हा तयारीने या. नमस्कार!