सासूला कळायच्या आधी

(खानदेशात चोपड्याजवळची केळीची बाग, दिवेलागण. विहिरीच्या काठावर पाठमोरी बाई, डोक्यावर पदर.)

जुळ्या बहिणींच्या अदलाबदलीवर लघुपट करायचाय, तर पहिला प्रश्न हा: ही नवी सून मंगल की तिच्या जागी आलेली जुळी बहीण मंजू? प्रेक्षकाला माहीत नसेल, तर तो नुसता बुचकळ्यात पडतो. त्याला ही मंजू आहे हे ठाऊक असेल आणि ओट्यावरून हाक मारणाऱ्या सासूला ठाऊक नसेल, तर त्याचा जीव टांगणीला लागतो. रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने १९६२च्या मुलाखतीत फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. अचानक फुटला, तर १५ सेकंदांचा धक्का. आधी दाखवला, तर १५ मिनिटांची धास्ती.

जुळ्यांच्या गोष्टीत बॉम्बच्या जागी खूण असते, कोण कोणती हे सांगणारी. एकबीज जुळ्यांचेही बोटांचे ठसे वेगळे असतात, पण ठसा पडद्यावर कसा दिसणार? तीळ किंवा व्रण घरच्यांनाही दिसतो. म्हणून आई फसत नाही. सुनेला तीनच महिने ओळखणारी सासू फसू शकते. खूण बोलीत लपवावी. इथेच वाढलेली मंगल इथल्या अहिराणी बोलीत ‘मी आठे शे’ (मी इथे आहे) म्हणते. पुण्याला मामाकडे वाढलेली मंजू अहिराणीची नक्कल छान करते, पण दचकली की ‘आहे’ निसटतं. (रावेर-यावलकडे हे जमणार नाही, तिथल्या पुष्कळ घरांत लेवा बोली.)

खूण तीनदा येते. आधी दोघी बहिणींच्या थट्टेत. मग अदलाबदल झाल्यावर, घाईच्या बोलण्यात. तिथे कॅमेरा थांबवू नका. तिसऱ्यांदा सासूसमोर. पंधरा मिनिटांच्या लघुपटात दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये पाच-सहा मिनिटं तरी हवीत. बहुतेक जण इथेच घाबरतात: प्रेक्षकाच्या लक्षात आलं नसेल म्हणून क्लोजअप, वर ढोलाचा दणका. मग सासूला कसं कळलं नाही, असं थिएटर विचारतं.

‘दुसरी बहीण नव्हतीच’ हा शेवट करायचा असेल, तर ताटं मोजा. भरीत-भाकरीच्या पंगतीत तिला कुणी एकदा जरी वाढलं, तरी शेवट खोटा पडतो.

(धाब्याचं घर. ओसरीत दोघी, मध्ये लाकडी खांब.)

नटी एकच. कॅमेरा तिवईवर पक्का. फोकस आणि एक्स्पोजर ऑटोवर नको, नाहीतर दोन टेकचा उजेड जुळत नाही. आधी मंगलचा टेक, मग लुगडं बदलून मंजूचा, आणि एडिटिंगमध्ये दोन्ही टेकचे अर्धे-अर्धे भाग शेजारी जोडायचे, सांधा खांबावर. नजर चुकू नये म्हणून समोर, दुसरीच्या जागी, डोळ्यांच्या उंचीला काठीवर चेंडू बांधतात. बागेत हा शॉट घेऊ नये. केळीचं पान वाऱ्याने सांध्यावरून हललं की मध्येच कापलं जातं, आणि लुगडं बदलेपर्यंत सावल्याही सरकतात.

दोघी एकमेकींना शिवतात तो शॉट एकच ठेवावा, पाठमोऱ्या डमीवर, म्हणजे बहिणीच्या जागी उभ्या केलेल्या दुसऱ्या बाईवर. डमी ओळखू येते ती कानावरून आणि मानेवरून. पदर तेवढ्यासाठीच.