‘ओरिएंट’ म्हणजे उगवती

नमस्कार. महाविद्यालयात पहिल्या दिवशी ‘ओरिएंटेशन’ असते आणि त्यात ग्रंथालय कोठे, प्रयोगशाळा कोठे हे दाखवले जाते. शब्दाचा मूळ अर्थ धरला, तर मात्र त्या दिवशी मुलांना केवळ पूर्व दिशा दाखवायला हवी.

लॅटिन भाषेत ‘ओरिरी’ म्हणजे उगवणे. त्यापासून झालेला ‘ओरिएन्स’, म्हणजे उगवणारा, हा शब्द उगवत्या सूर्याला आणि मग त्या दिशेलाच लावला गेला, आणि फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत ‘ओरिएंट’ होऊन आला. आपल्याकडे खेड्यात आजही पूर्वेला ‘उगवती’ म्हणतात, तसाच हा प्रकार आहे. ‘ओरिजिन’ हा शब्दही याच क्रियापदातून निघाला आहे.

या नामाचे क्रियापद कसे झाले, हे अधिक रंजक आहे. युरोपात चर्च बांधताना वेदी पूर्वेकडे ठेवण्याची प्रथा होती, आणि इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये असलेल्या, सुमारे 1300 सालच्या जगाच्या नकाशातही वरच्या बाजूला उत्तर नसून पूर्व आहे. त्यामुळे एखादी वस्तू पूर्वाभिमुख ठेवणे हा अर्थ हळूहळू सैल होत कोणत्याही दिशेने नीट लावणे, आपण कोठे आहोत हे ओळखणे, येथवर पोहोचला.

पूर्वेकडे तोंड करून उभे राहण्याची ही सवय संस्कृतच्या दिशावाचक शब्दांत तर अधिकच स्पष्ट दिसते, कारण पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम म्हणजे मागची आणि दक्षिण म्हणजे उजव्या हाताची बाजू. म्हणूनच देवाला उजव्या हाताला ठेवून घालायची ती प्रदक्षिणा. ‘दख्खन’ आणि ‘डेक्कन’ हे शब्द याच ‘दक्षिण’पासून आले असल्यामुळे, पुणे-मुंबई धावणाऱ्या डेक्कन क्वीनच्या नावातही मुळात उजवा हात दडलेला आहे! इंग्रजी ‘ईस्ट’चे मूळही पहाटेचेच असून आपली ‘उषा’ त्याच कुळातली आहे.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. 1883 मध्ये ओरिएंट एक्स्प्रेस पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, प्रवासासाठी सुरू झाली, तेव्हा तिच्या नावातली उगवती ही पॅरिसमध्ये उभ्या असलेल्या माणसाची होती. मुंबईच्या किनाऱ्यावरून पाहिले, तर इस्तंबूल मावळतीकडे आहे.