फ्रिजवरची पन्नी

राम राम मंडळी! कापूस घरात आला, थंडी पडली, हवा अशी कोरडी की ओठ फुटून राह्यले. म्हणून आज पन्नी सोलताना बसणाऱ्या करंटबद्दल बोलू.

आमच्या मोठीमायकडं फ्रिज आला, यवतमाळ जिल्ह्यातली गोष्ट, अन् दारावरची पन्नी ती काही काढू देईना. "काहून काढतं बाप्पा, चकाकी जाईन ना!" दोन वर्षं गेली. मग ताईला पाहायला पाहुणे येणार ठरलं. जानेवारी महिना, समोरच्या खोलीत कापूस पार छताला टेकलेला, भाव वाढायची वाट पाहत (तो घरात असेपर्यंत वाढत नाही, विकला की पुढच्याच हप्त्यात वाढते, हे आपलं माझं मत), अन् फ्रिजही त्याच खोलीत. मोठीमायनं कोपऱ्यात नख घातलं अन् खर्रकन पन्नी ओढली. ढिगावरचा सुटा कापूस उडून पन्नीला चिकटला, पन्नी तिच्या हाताला, हात झटकला तर पदराला! पायात प्लास्टिकची चप्पल. तशीच दाराकडं पळाली, लोखंडी कडी धरली अन् चट्ट! "फ्रिजमंदी करंट उतरला वो, बटन बंद करा!"

मोठेबाबा ओसरीतून म्हणे, "सकाळपासून लाईनच नाही."

तर हा करंट तारेतला नव्हेच. गोंद अन् पन्नी एकमेकांपासून सुटतात तेव्हा इलेक्ट्रॉनची वाटणी सारखी होत नाही, एकीकडं जास्त, दुसरीकडं कमी. पावसाळ्यात ओलाव्यानं तो विजेचा भार निघून जातो, हिवाळ्यात साचून राहतो. मोठीमायच्या पायात प्लास्टिकची चप्पल, म्हणून तो जमिनीत उतरला नाही, लोखंडी कडी धरली अन् तिथं चट्टकन उतरला. परत सांगतो, हिवाळ्यात साचतो, म्हणून पन्नी हळू सोला, वरून ओलसर फडकं फिरवा.

रात्री लाईन गेली की चिकटपट्टीचा रोल घ्या (लाईन जातेच, त्याची काळजी नको), डोळे अंधाराला सरावू द्या अन् पट्टी झर्रकन ओढा, सुटते तिथं फिकट निळा उजेड दिसू शकतो. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी तर हवा काढून घेतलेल्या पेटीत पट्टी उलगडून एक्स-रे मिळवले, त्यावर बोटाचा फोटोही काढला! आपल्या घरात हवा आहे, तिथं एक्स-रे निघत नाहीत, भ्यायचं काम नाही.

अन् पाहुणे? आले ना. मोठीमायच्या केसात कापूस तसाच. त्यांच्यातली एक बाई म्हणे, फ्रिज नवा दिसते. मोठीमाय म्हणे, "हो, परवाच आणला."