कट्ट्याच्या तुकड्याची दांडी

(निपाणीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. निपाणीत येऊन तंबाखूवर बोलायचं म्हणजे कोल्हापूरकराला तांबडा रस्सा शिकवायला जाण्यासारखं आहे. वखारीत जन्म गेलेल्या मावश्या पुढं बसल्यात, १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात हायवेवर ठाण मांडलेले काका मागं दिसतायत. तेव्हा तंबाखू तुमचीच. मी बोलणार तिच्या नळीवर, आणि तेही अशा गावात जिथं ओढायला नळी लागतच नाही, टेंभुर्णीचं पान पुरतं. चिलीमवाला फार तर ओल्या फडक्याची छापी गुंडाळतो. पाइपवाल्या साहेब लोकांना मात्र तोंडात धरायला दांडी लागते. इंग्रजीत स्टेम. आमच्या दुकानात दांडीच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

मी बेळगावच्या उद्यमबागेतला टर्नर. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल, बुश, पिना करता करता केस पिकले. आठ वर्षांमागं कॅम्पातले एक निवृत्त मेजरसाहेब पाइप घेऊन आले. वाडगं ब्रायरचं, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी जी गाठ येते तिचं. त्याला काही झालं नव्हतं. दांडी मात्र दातांनी चावून आरपार गेलेली, आणि मुळात काळीकुळकुळीत असलेली ती शेवाळलेल्या हौदासारखी हिरवट झालेली. एबोनाइटची होती. रबरात भरपूर गंधक घालून शिजवलं की हा कडक रबर होतो. उन्हानं वरचा थर बिघडतो, काळेपणा जातो, तोंडाला गंधकाची चव लागते. एबोनाइट आपल्याकडं मिळत नाही असं नाही; राजमहेंद्रीला त्याची शाईची पेनं लेथवर होतात, रॉड मागवता आला असता. पण फौजी माणूस, त्यांना पुढच्या सोमवारी हवी होती.

त्याच आठवड्यात आमच्या घरी स्वयंपाकघराचं काम चाललेलं. सुनेनं ग्रॅनाइट नको म्हणून पांढरा, बिनसांध्याचा कट्टा घेतला होता. सिंकसाठी भोक पाडलं की मधला चौकोन उरतो. तो अंगणात पडलेला. मी म्हटलं, हा दगड मला दे. कट्टा बसवणारा पोरगा हसला, म्हणाला, "इदु कल्लल्ल, मामा." हा दगड नव्हे. मी कानस मारून बघितली, तर पांढरा भुगा पडला आणि कड दगडासारखी न तुटता प्लॅस्टिकसारखी घासली गेली. त्या पोराच्या वाक्यावरच माझा हा सगळा उद्योग उभा आहे.

ही वस्तू ड्यूपॉन्ट कंपनीनं १९६७ मध्ये काढली, नाव 'कोरियन' (Corian), कोरिया देशाशी संबंध नाही. आता तसलाच माल बऱ्याच कंपन्या करतात, आणि बाजारात सगळ्यालाच कोरियन म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. साधारण एक हिस्सा ॲक्रिलिक आणि दोन हिस्से ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेट नावाची पांढरी खनिज पूड. ॲक्रिलिकच्या दांड्या परदेशात कारखान्यांतून सर्रास होतात. म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे, असं मला वाटलं. ते दोन हिस्से पूड किती भांडते ते नंतर कळलं.

पहिलं भांडण वजनाचं. ॲक्रिलिकचा घन सेंटिमीटर सव्वा ग्रॅमच्या आत भरतो, एबोनाइटचाही तसाच. कोरियनचा पावणेदोनच्या आसपास. हातात कळत नाही, पण पाइप दातांत लोंबता ठेवणाऱ्याला तासाभरात जबडा सांगतो. म्हणून दांडी आखूड आणि सडपातळच करायची.

दुसरं जाडीचं. कट्ट्याची शीट १२ मिलिमीटरची. वाडग्याकडचं टोक बहुतेक पाइपांना त्याहून जाड लागतं. मग दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवायच्या, कट्टेवाल्यांकडं त्यासाठी ॲक्रिलिकचाच गोंद असतो. मधे काळ्या शीटची पातळ चिप घातली की पांढऱ्यात काळी रेघ येते, साडीच्या काठासारखी. लोक त्या रेघेवर खूश होतात. मला विचाराल तर ती चोरी लपवायची युक्ती आहे: रेघ नसली तर सांधा दिसतो.

आता भोक. हे नीट ऐका, कारण सगळी दांडी इथंच बनते किंवा बिघडते. बाहेरचा आकार आधी केला आणि भोक नंतर मारलं तर ड्रिल भटकतो आणि कडेनं बाहेर येतो. म्हणून चौकोनी तुकड्यातच आधी भोक, मग त्या भोकावर सेंटर धरून बाहेरून टर्निंग. वाडग्याकडून साडेतीन मिलिमीटर, तोंडाकडून दोन, दोन्ही मधे भेटवायची. ड्रिल पाच मिलिमीटर आत गेला की बाहेर काढायचा, भुगा झाडायचा, पुन्हा आत. घाई केली तर आत ॲक्रिलिक तापून मऊ पडतं आणि ड्रिल धरून बसतं. माझे पहिले तीन ड्रिल आतच राहिले. चाळीस वर्षं लोखंड कापलेला माणूस प्लॅस्टिकपुढं असा फसला, तेव्हा दुकानातल्या पोरांनी चहा माझ्याच पैशानं प्यायला.

वाडग्यात शिरतं ते टोक, सुतार ज्याला कुसू म्हणतो, ते कोरियनचं करू नका. आठ मिलिमीटरचा कुसू, आत साडेतीनचं भोक, म्हणजे सव्वादोनची भिंत. त्यात दोन हिस्से पूड. पाइप साफ करताना जरा वाकडा पिळला की कटकन तुटतो आणि निम्मा वाडग्यात अडकतो. तिथं डेलरिन नावाच्या प्लॅस्टिकचा रॉड घ्यावा. गुळगुळीत, चिवट, आत-बाहेर सरकायला मऊ. त्याला गोंद मात्र धरत नाही, म्हणून त्यावर खाचा पाडून मग चिकटवायचा. बसण्याची बात स्पूलसारखी: ढिला नको, ठोकून घालायचा नको, पिळून जाईल असा.

तोंडाकडचं टोक चार मिलिमीटर जाड, शेवटी ओठ अडकायला कंगोरा. दातांचं काय, असं मेजरसाहेबांनी विचारलं होतं. कठीणपणाच्या मोह्स मापावर त्या पुडीचं खनिज अडीच ते साडेतीन, दाताचं कवच पाच. म्हणजे दात झिजणार नाही. पण एबोनाइट दाताखाली थोडं दबतं, हे दबत नाही. ज्याला चावायची सवय, त्यानं यावर रबराची टोपी घालावी.

दांडी वाकवायची हौस तर सोडाच. एबोनाइट उकळत्या पाण्यात लवतं, कोरियनला दीडशे अंशांच्या पुढं न्यावं लागतं, आणि एवढ्या बारीक कामात ते एका अंगानं तापतं, दुसऱ्या अंगानं नाही. गडद रंगाच्या शीटवर वाकल्या जागी पांढरी झाक येते. सरळ दांडीच छान दिसते, असं म्हणून मी गिऱ्हाईक पटवतो.

मेजरसाहेबांची दांडी सोमवारी दिली. महिन्यानं साहेब परत. ओठाच्या कंगोऱ्याजवळ केसासारख्या बारीक चिरा, जुन्या कपबशीला असतात तशा. चावलात का? नाही. पाडलीत? नाही. मग साफ कशानं करता? म्हणाले, आणखी कशानं, रमनं! पाइपवाले नळी दारूनंच पुसतात, त्याची मला काय कल्पना. ड्रिलच्या तापानं ॲक्रिलिकच्या पोटात ताण राहिलेला असतो, त्यावर अल्कोहोल लागलं की तो ताण चिरा पाडून बाहेर येतो. आता मी तयार दांडी ऐंशी अंशांच्या ओव्हनमध्ये चार तास ठेवतो आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ देतो, मग पॉलिश. आणि गिऱ्हाइकाला सांगतो, साबणाचं कोमट पाणी. रम प्यायची तर प्या.

तुकडा कुठला घ्यायचा, यात माझीही फसगत झाली आहे. एका दुकानदारानं ॲक्रिलिक म्हणून दिलेला माल करवतीखाली धरला तर फायबरच्या मूर्ती करणाऱ्याच्या शेडमध्ये येतो तो वास. म्हणजे पॉलिएस्टर. ते ठिसूळ, आणि तो वास जिथून येतो ते तोंडात घालायचं नाही. क्वार्ट्झचा कट्टा तर दिसायला हुबेहूब तसाच. सुरीनं कोपरा ओरखडा: ओरखडा उठला तर कोरियनच्या जातीचं, उठला नाही, सुरीचीच काळी रेघ उमटली तर क्वार्ट्झ, ठेवून द्या. त्यात बहुतेक सिलिका असते, कोरडं कापलं की फुफ्फुसात जाऊन बसते. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून असल्या कृत्रिम दगडावर बंदीच घातली, कारण कट्टे कापणारी तरणी पोरं सिलिकोसिसनं आजारी पडत होती. कोरियनची धूळही निरुपद्रवी समजू नका. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात त्या धुळीशी जोडलेली फुफ्फुसाच्या आजाराची नोंद आली होती. म्हणून पॉलिश पेपर पाण्यातच, तोंडाला नीट मास्क, आणि कंप्रेसरच्या हवेनं अंग झाडायचं नाही. हे शेवटचं मी आमच्या पोरांना रोज सांगतो आणि पोरं रोज झाडतात.

मघाशी एका मावशीनं विचारलं, एवढं करून दांडी चांगली झाली, तर धूर तब्येतीला बरा होतो का? नाही हो. धूर तोच. मी स्वतः ओढत नाही, भोकातून हवा जाते का ते फुंकून बघतो तेवढंच.

पिशवीत चार दांड्या आणल्यात, आता रांगेतून फिरवतो. दोन पांढऱ्या, एक काळ्या रेघेची, आणि चौथी चिरा पडलेली ती मेजरसाहेबांची. ती तेवढी परत द्या, साहेबांनी ती माझ्याकडं ठेवायला दिली आहे, विकलेली नाही.