सपाट आकाश दाखवायचं तर

क्षेपणास्त्रातल्या, उष्णता टिपणाऱ्या इन्फ्रारेड सेन्सरची परीक्षा घ्यायला दर वेळी क्षेपणास्त्र सोडता येत नाही. म्हणून अमेरिकेत, फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळावर, १९९०च्या दशकात आकाशातलं दृश्यच प्रयोगशाळेत आणलं गेलं. सेन्सर जागच्या जागी, आणि त्याच्यासमोर उष्णतेनं चित्र काढणारा प्रोजेक्टर.

या प्रोजेक्टरच्या पोटात ५१२ बाय ५१२ सूक्ष्म रोधकांची (रेझिस्टरची) जाळी असते. एकूण २,६२,१४४ रोधक. प्रत्येक रोधक सिलिकॉनच्या चिपवर बारीक पायांवर अधांतरी उभा. उष्णता हवेतून निसटू नये म्हणून भोवती निर्वात. वीज सोडली की तो तापतो आणि चित्रातला एक ठिपका उजळतो.

पण सगळ्यांना सारखं व्होल्टेज दिलं, तरी सगळे सारखे तापत नाहीत. पायांची जाडी, पृष्ठभाग, खालचा ट्रान्झिस्टर, सगळ्यांत किंचित फरक राहतोच. दाखवायला जावं सपाट आकाश, तर कॅमेऱ्याला दिसतो डागाळलेला, खरखरीत पट. आता हे डाग सेन्सरचे की प्रोजेक्टरचे? हे सांगता येत नसेल, तर त्या चाचणीवर विसंबता येणार नाही.

म्हणून प्रत्येक रोधकाचं तेज कॅमेऱ्यानं मोजतात, आणि त्याआधी तो कॅमेराच तपासतात, तापमान ठाऊक असलेल्या ब्लॅकबॉडीसमोर ठेवून. ब्लॅकबॉडी म्हणजे पडलेलं सगळं प्रारण (उष्णतेचे किरण) शोषून घेणारा आणि फक्त तापमानानुसार प्रारण सोडणारा पृष्ठभाग. कोणत्या तापमानाला किती प्रारण बाहेर पडतं, हे प्लांकच्या १९००च्या नियमानं काढता येतं.

मग येतो सगळ्यांत कष्टाचा आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर टप्पा. जाळीतले ठरावीक अंतरावरचेच रोधक पेटवायचे, मधले सगळे विझलेले. शेजारी शेजारी पेटवले, तर कॅमेऱ्यात त्यांचे ठिपके एकमेकांत मिसळतात, आणि कोणाचं तेज किती ते कळत नाही. मोजायचं, एक घर पुढे सरकायचं, पुन्हा मोजायचं. सगळे रोधक झाले, की व्होल्टेज वाढवून पहिल्यापासून सुरुवात. यातून प्रत्येक रोधकाचा स्वतःचा आलेख तयार होतो. हव्या त्या तेजासाठी कोणाला किती व्होल्टेज द्यायचं, ते त्यावरून ठरतं.

एवढ्यानं भागत नाही. भरगच्च दृश्यात असंख्य रोधक एकदम पेटतात, वीज पुरवणाऱ्या तारांवरचं व्होल्टेज घसरतं, आणि एकेकटे मोजताना अचूक आलेले ठिपके मंदावतात. त्याची दुरुस्ती वेगळी करावी लागते.

शिवाय रोधक म्हणजे आदर्श ब्लॅकबॉडी नव्हे. ३ ते ५ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यातलं इन्फ्रारेड टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं ठरवलेलं तापमान ८ ते १२ मायक्रॉनच्या सेन्सरला तेवढंच दिसेल, असं धरून चालता येत नाही. त्या पट्ट्यातला सेन्सर तपासायचा, तर कॅलिब्रेशनही (ही सगळी मोजणी आणि जुळणी) त्याच पट्ट्यात नव्यानं करावं लागतं.