बिल्ल्याच्या कडेवरचं नाव

हा जो संगमरवरी दगड दिसतोय ना, तो खटाव तालुक्यातल्या एका गावात जुन्या चावडीच्या भिंतीत बसवलेला आहे. आत्ता पांढरा दिसतोय, कारण त्यावर वर्षानुवर्षं चढलेले चुन्याचे थर, महायुद्धाला गेलेल्या गावोगावच्या शिपायांची नावं शोधत फिरणाऱ्या ह्या मंडळींनी सकाळपासून ओलं फडकं आणि बांबूची काडी घेऊन हळूहळू काढलेत. वायर ब्रश नाही, अ‍ॅसिड तर अजिबात नाही. आता कागद लावून वरून पेन्सिल घासतायत, बघा, उन्हात डोळ्याला न दिसणारी अक्षरं कागदावर कशी उठतात.

इंग्रजीत लिहिलंय, या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. नाव एकही नाही.

सातारा जिल्ह्यात अशा पाट्या ठिकठिकाणी आहेत, कुठं चावडीत, कुठं शाळेच्या भिंतीत, कुठं देवळाच्या आवारात. अपशिंग्याला तर लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, त्या एकट्या गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. शिपायाचा पगार तेव्हा महिन्याला ११ रुपये होता, आणि माण-खटावच्या कोरडवाहू रानात रोख ११ रुपये म्हणजे काय ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

ह्या ग्रुपमधे इतिहासाचा प्राध्यापक कोणी नाही. एक एसटीत कंडक्टर, एकाचं मेडिकल स्टोअर, एक झेडपी शाळेतल्या मॅडम, आणि एक रिटायर्ड सुभेदार ज्यांना सगळे साहेब म्हणतात. सुट्टीच्या दिवशी गाड्या काढायच्या, एखादं गाव धरायचं आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, कुणाच्या घरात बिल्ला आहे का. मेडल म्हटलं तर कोणी सांगत नाही, बिल्ला म्हटलं की तीन घरं कळतात.

हे त्यातलंच एक घर. आज्जी ट्रंक उघडतायत.

"आजेसासऱ्यांचा हाय. आमच्या मालकांनी जपला, म्या बी जपला."

"आज्जी, कशानं घासत नाही ना? चिंच, राख, पितांबरी?"

"दिवाळीला घासायची की मी."

"आता नका घासू आज्जी, कडेला आजोबांचं नाव आहे, ते झिजतंय."

आज्जींचा चेहरा बघा. कडेला नाव आहे हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

हे चांदीचं, ब्रिटिश वॉर मेडल, एका बाजूला पाचवा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. चांदीचं असल्यामुळं अशी कितीतरी मेडलं अडीनडीला सोनाराकडं जाऊन वितळली. हे दुसरं ब्राँझचं, पंखवाली बाई आहे ते, व्हिक्टरी मेडल. दोन्हींच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, चांदणीसारखा जो १९१४-१५ चा स्टार असतो त्याच्यावर तेच सगळं मागच्या बाजूला. वाचायची पद्धत अशी की खोलीत अंधार करायचा, मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरायचा म्हणजे अक्षरांच्या खाचेत सावली पडते, मग मेडल थोडं थोडं फिरवत फोटो घ्यायचे आणि नंतर ते एकाला एक जोडायचे. कंडक्टर साहेबांचा हात ह्यात बसलाय, बाकीचे नुसता टॉर्च धरतात.

आलं बघा. ११७ मराठाज.

घरचे लोक आजची नावं सांगतात आणि मेडलवर जुने नंबर असतात, म्हणून सुभेदार साहेबांनी वहीत तक्ताच करून ठेवलाय. १९२२ ला पलटणींचे नंबर बदलले, १०३ ची पहिली बटालियन झाली, म्हणजे जंगी पलटण, १०५ ची दुसरी, म्हणजे काळी पाचवी, ११० ची तिसरी आणि ११७ ची पाचवी. तिसरी पुढं पॅराशूट रेजिमेंटमधे गेली, बाकीच्या मराठा लाइट इन्फंट्रीत आजही आहेत.

१०३, ११० आणि ११७, ह्या तिन्ही पलटणी इराकात कुतला अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा, शेवटी उपासमारीनं शरणागती, सुमारे १३ हजार कैदी, आणि त्यातले हजारो वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत मेले.

आता वरच्या आळीतला हा देव्हारा. खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, आणि मागं ही ब्राँझची थाळी. हातात त्रिशूळ घेतलेली बाई, शेजारी सिंह. घरात चार पिढ्या हिला देवी म्हणून कुंकू लावतात. ही ब्रिटानिया आहे, म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन, आणि ही युद्धात कामी आलेल्या प्रत्येक माणसाच्या घरी ब्रिटिश सरकारनं पाठवलेली थाळी. हिच्यावर नावापुढं हुद्दा नसतो, जनरल असो नाहीतर शिपाई. मॅडमनी फोटो घेतला, नाव टिपलं आणि थाळी होती तशीच जागेवर ठेवली, कुंकवासकट.

पण इराकातल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर गोष्ट वेगळी आहे. तिथं गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा टाकला. म्हणजे तिथंही आकडा आणि गावातल्या चावडीतही आकडा. मला तर वाटतं ह्या माणसांवर झालेला हा सगळ्यात मोठा अन्याय आहे, आणि तो अजून दुरुस्त करता येतो, कारण नावं रजिस्टरात आहेत.

युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था आहे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, तिच्या साइटवर ती शोधता येतात, बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गावसुद्धा आहे. फक्त गोऱ्या साहेबाच्या कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलंय, एकच शिंदे दोन-तीन तऱ्हांनी, पवार वेगळाच, गावाची नावं तर विचारू नका. मॅडम सगळी स्पेलिंगं टाकून बघतात, मग बापाचं नाव घरच्या वंशावळीशी लावतात, आणि दोन्ही जुळलं तरच वहीत हिरवी टिक.

चावडीतल्या आकड्याएवढी नावं अजून भरलेली नाहीत. जेवढी भरलीत तेवढ्यांची दुसरी पाटी, मराठीत, जुन्या पाटीच्या शेजारी लावू द्या असा अर्ज ग्रामपंचायतीत दिलाय.

तुमच्या घरात असा बिल्ला असेल तर घासू नका, विकू नका. टॉर्च आडवा धरा, कडेचे फोटो काढा आणि आजोबांच्या वडिलांचं नाव घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून लिहून ठेवा.